तुम्ही विचारलंत म्हणून: हा खेळ सारखा थांबतो का?

अमेरिकन कॉलेज फुटबॉल आवडतो असं कळलं की लोक तीन प्रश्न विचारतात. पाय लागत नाही तर फुटबॉल कसला, हा पहिला. एवढी चिलखतं कशाला, हा दुसरा. या दोन्हींची उत्तरं एकेका वाक्यात देता येतात आणि विचारणाऱ्याला ती नकोच असतात. तिसरा प्रश्न मात्र खरा असतो, आणि म्हणूनच तो ऐकून वैताग येतो: “हा खेळ सारखा थांबतो का हो?”

न्यू जर्सीतल्या एडिसनला मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले काका हेच विचारतात, शेजारच्या घरात वीस वर्षं राहिलेले गृहस्थही हेच विचारतात. पाच-सहा सेकंद धावपळ, मग अर्धा मिनिट नुसतं उभं राहणं. परत पाच-सहा सेकंद. क्रिकेटचा टेस्ट सामना पाच दिवस बघणाऱ्या माणसाने हे विचारावं हा भाग सोडा.

या प्रश्नाला मी आजवर दोन उत्तरं देत आलो. एक, “जाहिरातींसाठी थांबतो,” म्हणजे समोरच्याच्या मनात जे होतं तेच. हे उत्तर खोटं आहे. जाहिराती थांब्यात शिरल्या. थांबा त्यांच्याआधी कितीतरी वर्षं होता. दुसरं उत्तर, “हे बुद्धिबळ आहे.” हे देताना मला फार हुशार वाटायचं. पण बुद्धिबळात चाल आळीपाळीने होते. इथे एकच संघ ओळीने चाली करत राहतो आणि दुसरा नुसता अडवतो. मग ही कसली उपमा? दोन्ही उत्तरं मागे घेतो. खरं उत्तर 1881 च्या मोसमात आहे. ते लांबलचक आहे, आणि शेवटी तुमचंही थोडं बरोबर निघण्याची शक्यता आहे. तरी एकदा लिहून टाकतो.

1869 ची रटगर्स-प्रिन्स्टन मॅच, हार्वर्डने कॅनडातल्या मॅकगिलच्या पोरांकडून उचललेली रग्बी, कॉलेजांचं 1876 चं स्प्रिंगफील्डमधलं नियमांचं अधिवेशन, ही झाली पूर्वपीठिका. ती सोडून थेट स्क्रमपाशी, म्हणजे रग्बीतल्या रेटारेटीपाशी येतो.

1876 पासून ही पूर्वेकडची कॉलेजं रग्बीच खेळत होती. रग्बीत पकडलेला खेळाडू चेंडू खाली ठेवतो, दोन्ही बाजूंचे फॉरवर्ड त्याभोवती खांदे अडकवून रेटारेटी करतात, आणि चेंडू कुठून तरी बाहेर निघतो. कुठून, याचा नेम नाही. इंग्लंडमधल्या शाळांत हे मोठ्या मुलांकडून धाकट्यांना हाताला धरून शिकवलं जायचं. अमेरिकन विद्यार्थ्यांकडे होतं ते छापील नियमांचं पुस्तक. शिकवायला कोणी नाही. म्हणून ते नियम वकिलासारखे वाचायला लागले: पुस्तकात मनाई नाही ना, मग चालतं. त्यांच्या लवकरच लक्षात आलं की स्क्रममध्ये पुढे रेटण्यापेक्षा चेंडू टाचेने हळूच मागे आपल्या माणसाकडे सरकवला तर जास्त फायदा. मग दोन्ही बाजू रेटायच्याच थांबल्या. चेंडू बाहेर येण्याची वाट बघत सगळे उभे.

1880 मध्ये येल कॉलेजच्या वॉल्टर कॅम्प या खेळाडूने यावर तोडगा आणला आणि तो मंजूर झाला. दोन बदल होते. खेळाडू 15 चे 11 झाले. आणि स्क्रमच्या जागी स्क्रिमेज आला. नियम असा: ज्याच्याकडे चेंडू आहे तो चेंडू आपल्यापुढे जमिनीवर ठेवील आणि पायानेच, लाथ मारून किंवा मागे सरकवून, खेळात आणील. मागे सरकवलेला चेंडू जो पहिल्यांदा उचलील तो क्वार्टरबॅक. त्याने स्वतः चेंडू घेऊन पुढे धावायचं नाही, धावला तर फाउल. म्हणजे आज ज्या क्वार्टरबॅकच्या धावण्यावर लोक वेडे होतात, त्याला जन्मतःच धावायची बंदी होती. चेंडू हाताने मागे देण्याची पद्धत 1890 च्या सुमाराला रुळली. तोवर ते काम पायाचं. पहिल्या प्रश्नाचंही अर्धं उत्तर यात आलं.

अकरा जण साधारण असे उभे राहत: पुढे सात रशर, मागे एक क्वार्टरबॅक, दोन हाफबॅक, सगळ्यांच्या मागे एक फुलबॅक. आणि “डाउन” हा शब्द. पकडलेला खेळाडू सुटत नाही असं दिसलं की तो स्वतःच “डाउन!” असं ओरडायचा. हरलो, सोडा, चेंडू खाली ठेवतो, असा त्याचा अर्थ. आज पडद्यावर सेकंड डाउन, थर्ड डाउन अशी जी अक्षरं दिसतात ती या ओरडण्याची मुलं.

कॅम्पला यातून हवं होतं ते मिळालं: ज्याचा चेंडू त्याचा चेंडू. ताबा ठरलेला असला की आधी बेत आखून खेळता येईल, नशिबाचा भाग जाईल. पण ताबा दिला आणि त्याला मुदतच घातली नाही. मुंबईत पागडीच्या खोल्या ज्यांनी पाहिल्यात त्यांना पुढचं सांगायला नको. चेंडू हातातून निसटला, तुम्ही स्वतः लाथ मारून तो दूर घालवलात किंवा गुण केलात, तरच ताबा जाणार. नाहीतर चेंडू तुमचा, अर्धा वेळ संपेपर्यंत तुमचाच.

आता 24 नोव्हेंबर 1881. थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. न्यूयॉर्कमध्ये सेंट्रल पार्कच्या उत्तर टोकाजवळचं जुनं पोलो ग्राउंड्स. येल विरुद्ध प्रिन्स्टन. (प्रिन्स्टनचं अधिकृत नाव तेव्हा कॉलेज ऑफ न्यू जर्सी होतं, पण ते कोणी म्हणत नसे.) मोसमात दोघंही हरले नव्हते. प्रिन्स्टनची हार्वर्डशी बरोबरी झाली होती, तेवढाच डाग. याआधी 1879 आणि 1880 मध्ये याच दोघांची मॅच 0-0 सुटली होती. 1880 मध्ये प्रिन्स्टनने चेंडू धरून बसण्याची युक्ती पाजळूनही पाहिली होती. तेव्हा 1881 मध्ये जे झालं ते अपघाताने झालं नाही. दोन्ही कॅप्टन काय करता येतं हे जाणून मैदानात उतरले होते.

45 मिनिटांचा एक, असे दोन डाव. तेव्हाच्या नियमांत शब्दही “इनिंग” असाच सापडतो. पहिला डाव प्रिन्स्टनने खाल्ला. चेंडू घेतला आणि सोडलाच नाही. दुसऱ्या डावात चेंडू येलकडे आला. येलने सूड कसा घ्यावा? तर त्यांनीही सोडला नाही. निकाल 0-0. ना तुला ना मला, घाल कुत्र्याला.

“सोडला नाही” म्हणजे नेमकं काय केलं, हे फार कमी लोक विचारतात. खरं तर सगळा खेळ तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर.

चेंडू जमिनीवर ठेवलेला. मधला रशर त्यावर पाय ठेवून तो मागे सरकवतो. क्वार्टरबॅक उचलतो. तो स्वतः पुढे धावू शकत नाही, म्हणून शेजारच्या हाफबॅकला देतो. हाफबॅक दोन पावलं टाकतो किंवा तेवढीही टाकत नाही, समोरच्या ढिगाऱ्यात शिरतो, पोटाशी चेंडू घट्ट कवटाळून पडतो आणि “डाउन!” म्हणतो. चेंडू पुन्हा जमिनीवर. तोच पाय, तोच क्वार्टरबॅक, तोच ढिगारा. एखादा यार्ड मिळाला तर मिळाला, एखादा गेला तर गेला. काही फरक पडत नाही. धोका एकच, चेंडू हातातून निसटण्याचा. म्हणून लांब फेकाफेक बंद, मोकळ्या मैदानात धावणं बंद, लाथ मारणं तर पूर्णच बंद. जे जे बघायला लोक आलेले असत ते सगळं नेमकं धोक्याचं, म्हणून वर्ज्य.

समोरच्यांनी काय करावं? ते पकडू शकतात, मागे रेटू शकतात, “डाउन” म्हणायच्या आत चेंडू ओढून घ्यायचा प्रयत्न करू शकतात. ज्याला पुढे जायचंच नाही त्याच्याकडून चेंडू ओढून घेणं किती अवघड आहे हे लहान मुलाच्या हातातलं खेळणं काढून घ्यायचा प्रयत्न केलेल्यांना कळेल. धावणारा माणूस चेंडू एका हाताने धरतो, तोल सांभाळतो, वळतो. तिथे संधी असते. पोटाशी गाठोडं करून पडलेल्या माणसात संधी नसते.

बरं, रेटत रेटत त्यांना त्यांच्याच गोलरेषेपर्यंत नेलं तर? इथे दुसरं भोक होतं: सेफ्टी. आपल्याच गोलरेषेमागे चेंडू टेकवला की सेफ्टी, आणि तिची शिक्षा तेव्हा जवळजवळ शून्य. उलट बक्षीसच. टेकवणारा संघ चेंडू आपल्या 25 यार्डांच्या रेषेपर्यंत बाहेर आणायचा आणि तिथून लाथ मारून खेळ सुरू करायचा. लाथ किती लांब गेली पाहिजे? काही अट नाही. पायाचा नुसता स्पर्श करून चेंडू उचलायचा आणि आपल्याच माणसाकडे द्यायचा. लाथही झाली, ताबाही राहिला, वर 25 यार्ड मोकळे मिळाले. म्हणजे भिंतीला पाठ टेकली की भिंतच तुम्हाला पुढे ढकलते.

या भोकाला 1881 मध्ये एक ठिगळ लावलेलं होतं. मॅच बरोबरीत राहिली तर 15-15 मिनिटांचे दोन जादा डाव. तरीही बरोबरी असेल तर ज्याच्या सेफ्टी समोरच्यापेक्षा किमान चारने कमी असतील तो जिंकला. ठिगळाचा उपयोग त्याच मोसमात झालाही. येल-हार्वर्ड मॅचमध्ये कोणीच गुण केला नाही, पण हार्वर्डच्या चार सेफ्टी झाल्या, आणि मॅच येलला मिळाली. यातून धडा काय मिळाला? सेफ्टी वाईट आहे असा नाही. तीन सेफ्टी फुकट आहेत, असा. नियमात आकडा घातला की खेळाडू त्या आकड्याच्या एक अलीकडे जाऊन उभा राहतो, हे कॅम्पसारख्या माणसाला आधी कळायला हवं होतं.

आता इथे माझा आणि माझ्याच जुन्या मताचा वाद आहे. कित्येक वर्षं मी ही मॅच “रडीचा डाव” म्हणून सांगत आलो. प्रिन्स्टनने लाज सोडली, येलने ती उरलीसुरली पुसली, वगैरे. सांगायला बरं वाटतं. पण नीट बघा: त्यांनी एकही नियम मोडला नाही. बरोबरी झाली तर मोसम अपराजित राहतो आणि विजेतेपदावर दावा सांगता येतो. जिंकायला गेलो आणि चेंडू निसटला तर सगळंच जातं. टेस्ट वाचवायला शेवटच्या दिवशी पाच तास चेंडू नुसते अडवणाऱ्या फलंदाजाला आपण शाबासकी देतो ना? “खडूस” हा शब्द मुंबईकर क्रिकेटपटू अभिमानाने मिरवतात. मग प्रिन्स्टनलाच शिव्या का?

फरक आहे, आणि तो मला उशिरा कळला. फलंदाज अडवत असतो तेव्हा गोलंदाज दर चेंडूला त्याला बाद करू शकतो. दहा बळी नावाची मुदत त्याच्या डोक्यावर टांगलेली असते. पोलो ग्राउंड्सवर तसं काहीच नव्हतं. समोरच्याला उत्तरच नव्हतं. तेव्हा दोष खेळाडूंचा नाही, हे म्हणतो; पण ती मॅच बघायला मी तिकीट काढलं असतं का, असं विचाराल तर नाही. लोकांनीही तेच सांगितलं. प्रेक्षक चिडले, वर्तमानपत्रांनी झोडपलं, आणि हा खेळ टिकणारच नाही असं म्हणणाऱ्यांना जोर आला.

बाकी मोसमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मिशिगनचा संघ पश्चिमेकडून आला आणि 31 ऑक्टोबर ते 4 नोव्हेंबर अशा पाच दिवसांत हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन तिघांशी खेळून तिन्ही मॅच हरून परत गेला. त्या काळच्या आगगाडीच्या प्रवासात हे केलं याचं कौतुक आहे, पण आपल्या प्रश्नाशी त्याचा संबंध नाही.

12 ऑक्टोबर 1882 ला पुन्हा स्प्रिंगफील्ड, मॅसॅच्युसेट्स. कॉलेजांचे प्रतिनिधी बसले. कागदावर पर्याय तीन-चार होते. रग्बीचा स्क्रम परत आणायचा, म्हणजे ताबाच रद्द. सेफ्टीला जबर शिक्षा ठेवायची. सभ्यतेवर सोडायचं. किंवा ताब्याला मुदत घालायची. सेफ्टीची शिक्षा पुढच्या वर्षी आलीच: 1883 मध्ये गुण आकड्यांत मोजायला लागले तेव्हा सेफ्टीला 1, टचडाउनला (समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवण्याला) 2, टचडाउननंतर लाथेने केलेल्या गोलला 4 आणि मैदानातून मारलेल्या गोलला 5 असे भाव ठरले. (हो, टचडाउन सगळ्यांत महत्त्वाचा नव्हता. पाय लागत नाही म्हणणाऱ्यांनी हे आकडे परत वाचावेत.) पण 1882 मध्ये निवडला गेला तो मुदतीचा रस्ता, आणि त्यामागेही कॅम्पच.

नियम असा: सलग तीन डाउनमध्ये, म्हणजे तीन प्रयत्नांत, संघाने चेंडू 5 यार्ड पुढे नेला नाही, किंवा 10 यार्ड मागे घालवला नाही, तर जिथे चौथा डाउन व्हायचा तिथेच चेंडू समोरच्याला द्यायचा.

“किंवा 10 यार्ड मागे” हे वाचून तुम्ही थबकला असाल तर छान. म्हणजे पुढे जाता येत नसेल तर मुद्दाम मागे जा. 10 यार्ड मागे गेलात की तुमचे तीन डाउन नव्याने सुरू. हेतू समजण्यासारखा होता. मागे जाणं ही स्वतःच शिक्षा आहे, असा. पण जागा भरपूर असेल आणि वेळ काढायचा असेल तर ही शिक्षा चालवून घेण्यासारखी आहे. पुढे ही मर्यादा 10 ची 20 यार्ड केली गेली, यावरूनच काय समजायचं ते समजा. ठिगळाला ठिगळ.

5 यार्ड गेले की नाही हे ठरवायचं कसं? त्यासाठी मैदानावर दर 5 यार्डांवर आडव्या चुन्याच्या रेषा आखल्या. वरून बघितलं तर मांस भाजायच्या लोखंडी जाळीसारखं दिसायला लागलं. त्या जाळीला ग्रिडआयर्न म्हणतात, आणि खेळाला आजही तेच टोपणनाव आहे. अडचण अशी की डाउन रेषेवरच सुरू होईल असं थोडंच आहे? बहुतेक वेळा चेंडू दोन रेषांच्या मध्ये. पंचाने नजरेनेच ठरवायचं की सुरुवातीच्या जागेपासून 5 यार्ड झाले का. पंचासोबत दोन्ही संघांचे आपापले जजही असत आणि ते आपल्या कॅप्टनची वकिली करत. दोन काठ्या आणि मधली साखळी नंतर आली.

मैदान त्या काळात 110 यार्ड लांब आणि 53 पूर्णांक 1/3 यार्ड रुंद ठरलं. रुंदी आजही तीच, 160 फूट. आता साधा हिशेब करा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 5-5 यार्डांचे 22 टप्पे. प्रत्येक टप्प्याला जास्तीत जास्त तीन डाउन. म्हणजे मागे जाण्याची पळवाट सोडली तर अगदी कंजूषपणे खेळलं तरी 66 डाउनमध्ये तुम्हाला गोलरेषा गाठावीच लागते, नाहीतर कुठेतरी चेंडू सोडावा लागतो. 25 यार्डांवरून निघालात तर 85 यार्ड, 17 टप्पे, 51 डाउन. पोलो ग्राउंड्सवर ही संख्या अनंत होती. एवढाच बदल, पण त्याने सगळं बदललं.

कारण आता प्रत्येक डाउनला किंमत आली. तीनच आहेत, एक वाया गेला तर दोन उरले. पहिल्या दोनांत 3 यार्ड मिळाले तर तिसऱ्यावर धोका पत्करायचा की लाथ मारून चेंडू लांब समोरच्याच्या हद्दीत घालवायचा? ज्या लाथेला 1881 मध्ये कोणी शिवत नव्हतं ती आता शहाणपणाची चाल झाली: नाहीतरी चेंडू जाणारच आहे, तर 40 यार्ड लांब जाऊ दे. आणि डाउनला किंमत आली म्हणून तो खर्च करण्याआधी ठरवणं आलं. कोण धावणार, कोण अडवणार, कुठल्या बाजूने. खुणा आल्या, आकडे आले, सराव आला.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. खेळ थांबतो, कारण 1880 मध्ये ताबा दिला. तो थांबा फुकट होता तेव्हा 1881 झालं. आणि 1882 पासून प्रत्येक थांबा मोजला जातो. तुम्ही जे बघता ते थांबणं नसून मोजणी आहे.

हे वाक्य लिहून मी समाधानाने मागे टेकायचो. पण इथे गप्प बसलो तर मीच रडीचा डाव खेळतोय असं होईल. कारण 1882 च्या नियमाची दुसरी बाजू आहे, आणि ती रक्ताची आहे.

तीन डाउनमध्ये 5 यार्ड, म्हणजे एका डाउनला पावणेदोन यार्डांच्या आसपास. एवढ्यासाठी मोकळ्या मैदानात धावायची, चेंडू लांब फेकायची गरजच नाही. सगळ्यांनी एकत्र होऊन एका माणसावर तुटून पडा, दोन यार्ड मिळतात. 1888 मध्ये कमरेखाली गुडघ्यापर्यंत पकडायला परवानगी मिळाली, मोकळं धावणं आणखी अवघड झालं, आणि रशरांच्या रांगा एकमेकींना खेटल्या. मग पाचर करून घुसण्याच्या चाली आल्या. 19 नोव्हेंबर 1892 ला हार्वर्डने येलविरुद्ध “फ्लाइंग वेज” काढला: दोन तुकड्या लांबून धावत येऊन एका बिंदूवर आदळणार, चेंडूवाला त्यांच्या आडोशाला. त्याची कल्पना लॉरिन डेलँड नावाच्या माणसाची, जो स्वतः कधी फुटबॉल खेळला नव्हता आणि बुद्धिबळाचा शौकीन होता. (माझी बुद्धिबळाची उपमा मागे घेण्याचं आणखी एक कारण.) 1894 मध्ये त्यावर बंदी आली, पण चालींचा स्वभाव गेला नाही. 1905 च्या मोसमात शाळा-कॉलेजं मिळून किमान 18 मुलं मेली. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी 9 ऑक्टोबर 1905 ला हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं.

1906 मध्ये पुढे पास टाकायला परवानगी मिळाली आणि 5 चे 10 यार्ड झाले, तीन डाउनमध्येच. म्हणजे नुसतं रेटून भागणार नाही, मैदान पसरावंच लागेल, अशी सक्ती. 1912 मध्ये चौथा डाउन मिळाला, मैदान 100 यार्डांचं झालं. कॅम्प शेवटपर्यंत नियम समितीत होता, आणि पुढे पास टाकण्याच्या कल्पनेला तो फारसा अनुकूल नव्हता. त्याला 10 यार्ड पुरेसे वाटत होते. त्याच्या बाजूने एवढंच म्हणता येईल की दोन्ही आकडे मुळात त्याचेच.

मग 1882 मध्ये चूक झाली का? 5 ऐवजी तेव्हाच 10 ठेवले असते तर ती पोरं वाचली असती का? मला पूर्वी हमखास “हो” म्हणावंसं वाटायचं. आता तसं वाटत नाही. पुढे पास टाकायला बंदी असताना 10 यार्ड म्हणजे जवळजवळ दर तीन डाउनला लाथ. तो कदाचित वेगळाच, कंटाळवाणा खेळ झाला असता. पण “कदाचित कंटाळवाणा” आणि “18 मृत्यू” यांची तुलना करायला लागलो की मी माझ्याच बाजूने बोलणं थांबवतो.

रग्बी लीग या रग्बीच्याच दुसऱ्या प्रकारातल्या लोकांची गंमत बघा. तिथेही पकडलेला खेळाडू उठून चेंडू पायाने मागे सरकवतो, अगदी 1880 सारखा. आणि तिथेही मुदत नव्हती, म्हणून एकेक संघ चेंडू धरून बसायचा. 1966 मध्ये त्यांनी चार टॅकलची, म्हणजे चार वेळा पकडलं जाण्याची मर्यादा घातली, पुढे 1972 मध्ये सहाची. 84 वर्षं उशिरा, तोच रोग, तेच औषध. पण त्यांनी अट घातली ती टॅकलच्या संख्येची, यार्डांची नाही; म्हणून मोजायला थांबावं लागत नाही आणि खेळ वाहता राहतो. हे उदाहरण माझ्या विरुद्ध जातं, तरी देतो. ताब्याला मुदत हवी हे 1881 ने सिद्ध केलं. ती मुदत अंतराने मोजायची आणि म्हणून खेळ थांबवायचा, हे काही सिद्ध झालेलं नाही.

कबड्डीवाल्यांना तर हे दोन वाक्यांत कळतं, बाकीच्यांना मला दोन हजार शब्द लागतात. आघाडीवरचा संघ चढाईला जातो, निदान रेषा ओलांडतो, हात हलवतो, परत येतो. गुण नाही, धोका नाही, वेळ गेला. प्रो कबड्डीने त्यावर काय केलं? सलग दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी “डू ऑर डाय”: गुण आणा नाहीतर बाद व्हा. तीन संधी, नाहीतर हक्क गेला.

आणि एक कबुली राहिली. 1881 संपलेला नाही. परवाच्या कुठल्याही कॉलेज मॅचची शेवटची दोन मिनिटं बघा. आघाडीवरच्या संघाकडे चेंडू आहे, समोरच्यांचे टाइमआउट संपलेत. क्वार्टरबॅक चेंडू हातात घेतो आणि जागच्या जागी गुडघा टेकतो. डाउन. घड्याळ चालूच. पुढचा डाउन सुरू करायला 40 सेकंद मिळतात, ते सगळे वापरायचे. पुन्हा गुडघा. पुन्हा 40 सेकंद. तीन वेळा केलं की दोन मिनिटं गेली, मॅच संपली. चौथ्याची गरजही पडत नाही. प्रेक्षक उठून गाड्यांकडे निघालेले असतात, आणि सोफ्यावरचे काका माझ्याकडे वळून विचारतात, “आता काय झालं? का थांबले?”